कवळीचा चावा, जबड्याचे श्रम

भोपाळची सकाळ पोहे-जिलबीची. मऊ पोहे कवळीला सहज झेपतात. खरी परीक्षा जेवणानंतरच्या सुपारीची. पूर्ण कवळीला नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव पट जोर मिळतो, कारण दातांची मुळं हाडात असतात आणि कवळी नुसती हिरडीवर टेकते.

हा जोर लावणाऱ्या मुख्य स्नायूंपैकी दोन: गालातला मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून त्यांच्यातली विद्युत हालचाल मोजतात. ही ईएमजी तपासणी.

स्नायूंबरोबर दाढांचा आकारही महत्त्वाचा. कवळीच्या दाढांचे उंचवटे किती उताराचे असावेत, हा जुना वाद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गिझी यांनी १९१४ च्या सुमारास ३३ अंशांच्या दाढा आणल्या. पुढे शून्य अंशाच्या सपाट दाढाही आल्या. त्या हिरडीवर आडवा ताण कमी देतात, पण घास नीट तुटत नाही. मधली वाट अशी की वरच्या दाढेचा फक्त टाळूकडचा उंचवटा खालच्या दाढेवर टेकवायचा. झिजलेल्या हिरडीसाठी ही रचना विशेष सोयीची.

त्याहून महत्त्वाची कवळीची उंची. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर हवंच. ते नसेल तर स्नायूंना विसावा मिळत नाही, बोलताना दात आपटतात, कानशिलं ठणकतात. उलट, कवळी बुटकी झाली की ओठांचे कोपरे चिरतात.

असा त्रास झाल्यास कवळी घरी कानशीने घासू नका. भोपाळमध्ये एम्सचा दंतविभाग आहे, दंतमहाविद्यालयंही आहेत; तिथे चावा तपासून घ्या.