डॉक्टरांची सुरी आणि आपला कोयता



तोडणीच्या हंगामात कोयता लागतो, बुडखा पायात घुसतो, काखेत नाहीतर मांडीवर गळू येतं. मग 'एवढ्यासाठी दवाखाना कशाला?' म्हणून घरचं दाढीचं ब्लेड घेऊन गळू फोडलं जातं. डॉक्टरही कापतातच, मग फरक काय? तो आज समजून घेऊ.

शस्त्रक्रियेच्या सुरीला स्कालपेल म्हणतात. तिला धार हवी, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. केस कापला जाईल अशी शस्त्राची धार असावी आणि शिकणाऱ्याने आधी कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. म्हणजे धार आणि सरावलेला हात, या दोन गोष्टी झाल्या.

तिसरी गोष्ट स्वच्छता. ती कळायला मात्र फार काळ गेला. पूर्वी ऑपरेशन चांगलं होई, पण जखम चिघळून रोगी दगावे. 1865 साली ग्लासगो येथे गाडीचं चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा डॉ. जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. हाड मोडून जखम उघडी पडली होती. असा पाय त्या काळी बहुधा कापावाच लागे. लिस्टरनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पाय वाचला. पुढे हात व हत्यारंही त्याच औषधात धुण्याची पद्धत पडली.

आज हत्यारं दाबाच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात. सुरीची मूठ पुन्हा वापरतात, पातं मात्र सीलबंद पाकिटातून काढायचं आणि एका रोग्यानंतर टाकून द्यायचं. अशा बदलत्या पात्याच्या सुरीचं पेटंट 1915 साली अमेरिकेत मॉर्गन पार्कर यांनी घेतलं. पात्यांना नंबर असतात. कातडीवर लांब छेद घ्यायला पोटाळ 10 नंबर, गळू फोडायला टोकदार 11 नंबर, नाजूक कामाला लहान 15 नंबर.

आपलं दाढीचं ब्लेड चकचकीत दिसलं तरी निर्जंतुक नसतं. त्याने गळू कापलं तर जंतू रक्तात जाऊ शकतात. नाकाजवळचं व वरच्या ओठावरचं गळू तर दाबूसुद्धा नका, तिथला संसर्ग मेंदूपर्यंत पोचू शकतो. मधुमेह असेल त्यांनी जास्तच जपावं.

कोयता लागल्यास स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून आधी रक्त थांबवा. जखम लहान असेल तर साबण व स्वच्छ पाण्याने धुवा. राख, माती, तंबाखू भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवून इंजेक्शनचं विचारा. जखम खोल असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. तोडणी मजुरांनाही हे सांगा.

जाता जाता आमच्या खात्याचं एक सांगतो. माणसाचं तेच उसाचं. खोडव्याची वाढ खुंटवणारा रोग बेणं तोडणाऱ्या कोयत्याच्या रसातून एका उसातून दुसऱ्यात जातो. म्हणून एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाताना कोयता धुऊन जंतुनाशक द्रावणात बुडवून घ्यावा, ही विनंती.

ऊस विकास अधिकारी