सायबर कॅफेची रोजकीर्द : सॉफ्टवेअर निवडताना

रायपूर शहरातील पंडरी हा परिसर कापड बाजारासाठी सुपरिचित आहे. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचे स्थानकही २०२१ मध्ये भाटागावला स्थलांतरित होईपर्यंत येथेच होते. अशा वर्दळीच्या ठिकाणी परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, तिकीट काढणारा प्रवासी आणि कागदपत्रांची प्रत छापून घेणारा व्यापारी या सर्वांना घटकाभर संगणक हवा असतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि त्यानंतरच्या दशकात देशभर सायबर कॅफे उभे राहिले. पुढे मोबाईलमुळे त्यांतील अनेक बंद पडले. जे टिकले, त्यांच्या संगणकांवर आज करमणुकीपेक्षा आधार, गुणपत्रिका आणि बँकेचे विवरणपत्र उघडले जाते. म्हणूनच हे संगणक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड हा केवळ मालकाच्या सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

अशा सॉफ्टवेअरची रचना साधी असते. मुख्य प्रणाली गल्ल्यावरील संगणकात आणि तिचा एक भाग ग्राहकांच्या प्रत्येक संगणकात बसविला जातो. गल्ल्यावरून परवानगी मिळाल्याखेरीज पडदा खुला होत नाही. वेळ संपताच तो पुन्हा बंद होतो आणि छापलेल्या पानांसह बिल तयार होते. याचा आर्थिक लाभ सहज मोजता येतो. समजा, दहा संगणक आहेत, दर ताशी २० रुपये आहे आणि प्रत्येक संगणकामागे रोज अर्धा तास नोंदीतून सुटतो. ही गळती दिवसाला १०० रुपये, तर २६ दिवसांच्या महिन्यात २,६०० रुपये होते. लहान व्यवसायाच्या कर्जाच्या हप्त्यास हातभार लावणारी ही रक्कम आहे.

जपावयाची नोंद

नोंद ठेवणे हे कायद्यानेही बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये केंद्र शासनाने ११ एप्रिल २०११ रोजी सायबर कॅफेसाठी नियम अधिसूचित केले. त्यानुसार ग्राहकाचे ओळखपत्र पाहून त्याचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, संगणकाचा क्रमांक आणि बसण्या-उठण्याची वेळ नोंदवावी लागते. ही नोंदवही, तसेच पाहिलेल्या संकेतस्थळांचा तपशील, किमान एक वर्ष जतन करावा लागतो. सॉफ्टवेअर घेताना या सर्व रकान्यांची सोय त्यात आहे काय आणि महिन्याचा अहवाल एकत्रित निघतो काय, हे प्रथम तपासावे.

पुसावयाची खूण

याउलट, ग्राहकाची अपेक्षा असते की आपण उठून गेल्यावर त्या संगणकात आपले काहीही मागे राहू नये. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर प्रादेशिक कार्यालयाने, सायबर कॅफेत ई-आधार उतरवून घेणे टाळावे आणि घेतल्यास सर्व प्रती कायमच्या नष्ट कराव्यात, अशी सूचना केली होती. तिचा चुकीचा अर्थ निघू नये म्हणून ते निवेदन दोन दिवसांतच मागे घेण्यात आले. परंतु प्रती नष्ट करण्याचा सल्ला व्यवहारात आजही मोलाचा आहे.

यासाठी संगणक पूर्ववत करणारी वेगळी सॉफ्टवेअर मिळतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू करताच ग्राहकाने साठविलेल्या फाइली आणि केलेले बदल नाहीसे होतात. मात्र एका ग्राहकानंतर संगणक पुन्हा सुरू न करताच दुसऱ्यास बसविले, तर या सोयीचा काहीच उपयोग होत नाही. तसेच गल्ल्यावरील संगणकावर, जेथे नोंदवही असते, हे सॉफ्टवेअर बसविल्यास वर्षभर जपावयाची नोंदच पुसली जाईल. नोंदवहीचा नियमित बॅकअप ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

काही प्रणालींमध्ये ग्राहकाचा पडदा गल्ल्यावरून पाहण्याची, तर काहींत त्याने दाबलेली प्रत्येक कळ टिपण्याची सोय असते. कोण केव्हा बसला, हे नोंदविणे कायद्याला अपेक्षित आहे. ग्राहकाचा पासवर्ड टिपणे नव्हे. अशी सोय बंद करता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर न घेणेच श्रेयस्कर. फुकट मिळणाऱ्या बेकायदा प्रतींमध्ये तर असा टिपणारा प्रोग्रॅम मालकाच्याही नकळत दडलेला असू शकतो.

खरेदीपूर्वीची परीक्षा

चाचणीसाठी मिळणारी प्रत आठवडाभर वापरून पाहावी. मध्येच वीज गेल्यास चालू ग्राहकाचा हिशेब शाबूत राहतो काय? जोडणीची तार काढल्यास किंवा पेन ड्राईव्हवरून संगणक सुरू केल्यास कुलूप निष्प्रभ तर होत नाही ना? दिवसअखेरीस गल्ल्यातील रोकड आणि सॉफ्टवेअरची बेरीज जुळते काय? शुल्क एकदाच भरावयाचे की दरवर्षी, आणि ते प्रत्येक संगणकामागे की संपूर्ण कॅफेसाठी, याची लेखी माहिती घ्यावी. वार्षिक शुल्क असल्यास कर्जाच्या प्रकल्प अहवालात ते आवर्ती खर्चात दाखवावे. संगणकांची मूळ प्रणालीही पाहावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या पायावर नवे कुलूप फार काळ टिकत नाही.

ग्राहकांनीही हे लक्षात ठेवावे की, उत्तमातील उत्तम सॉफ्टवेअरही कळफलकाच्या तारेत बसविलेले चोरटे उपकरण ओळखू शकेलच असे नाही. म्हणून बँकेचे व्यवहार सार्वजनिक संगणकावर शक्यतो करू नयेत. करावेच लागले, तर लॉग-आउट करावे आणि नंतर सुरक्षित ठिकाणाहून पासवर्ड त्वरित बदलावा. फसवणुकीचा संशय येताच आपल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

चांगल्या पेढीची रोजकीर्द व्यवहाराची नोंद ठेवते, पण ग्राहकाची गुपिते जपून ठेवत नाही. सायबर कॅफेच्या सॉफ्टवेअरची पारखही याच कसोटीवर व्हावी.