पंधराव्या वर्षाच्या पुढे

फिगर स्केटिंगमध्ये कार्यक्रम संपला की खेळाडू बर्फावरून उतरून एका बाकावर गुणांची वाट पाहत बसते. शेजारी प्रशिक्षक, समोर कॅमेरा. बहुतेक खेळांत प्रशिक्षक मैदानाच्या कडेला राहतो. इथं मात्र तो आणि खेळाडू यांच्यातलं नातं साऱ्या जगाला जवळून दिसतं. 17 फेब्रुवारी 2022 रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते फार स्पष्ट दिसलं. पंधरा वर्षांची रशियन स्केटर कामिला वालियेवा लघु कार्यक्रमानंतर पहिल्या स्थानावर होती. मुक्त कार्यक्रमात ती पुन्हा पुन्हा कोसळली आणि अखेरीस चौथी आली. तिच्या उत्तेजक चाचणीचं प्रकरण उघड होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बर्फावरून बाहेर येणाऱ्या या मुलीला प्रशिक्षक एतेरी तुत्बेरिद्झे यांनी आधी विचारलं, की तू प्रयत्न का सोडलास. दुसऱ्या दिवशी ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी या वागण्यातल्या थंडपणाबद्दल जाहीरपणे अस्वस्थता व्यक्त केली.

तेव्हापासून जगभर एकच चर्चा चालते: प्रशिक्षक कठोर असावा की प्रेमळ? मला ही चर्चा मुळापर्यंत जात नाही असं वाटतं. स्वभाव महत्त्वाचा आहेच, पण खेळाडूचं पुढं काय होतं हे दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. तिचं मोठं होणं प्रशिक्षकानं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलं आहे का, आणि वय वाढेल तसा आपला अधिकार तो तिच्या हाती देत जातो का, हे पाहायला हवं.

याचं कारण या खेळाच्या बांधणीत आहे. चार फेऱ्यांची उडी, म्हणजे क्वाड, पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळात पुरी करावी लागते. शरीर जितकं सडपातळ आणि अरुंद, तितकी गिरकी वेगवान. वयात येण्याआधीच्या मुलीला ही अनुकूलता आपोआप मिळते. पुढं उंची, वजन, कमरेची रुंदी बदलते आणि पाठ झालेली उडी नव्या शरीरानं पुन्हा शिकावी लागते. गुणांचं कोष्टक पाहा. 2018 पासूनच्या पद्धतीत तीन फेऱ्यांच्या लुट्झ उडीची मूळ किंमत 5.90 होती, तर चार फेऱ्यांच्या लुट्झची 11.50. जवळजवळ दुप्पट. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडून क्वाड करवून घेणं हा यशाचा सगळ्यात जवळचा रस्ता ठरतो. आणि त्या वयात तिचं खाणं, झोप, शाळेच्या वेळा, संगीत, पोशाख, मैत्रिणी, सगळंच सरावाच्या भोवती फिरत असतं. प्रशिक्षकाचा शब्द ओलांडून जायला तिच्याकडे दुसरी जागाच उरत नाही.

तुत्बेरिद्झे यांचं यश निर्विवाद आहे. 2018 आणि 2022 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचं सुवर्ण आणि रौप्य त्यांच्याच विद्यार्थिनींनी जिंकलं: आधी अलिना झागितोवा आणि येवगेनिया मेदवेदेवा, मग आना श्चेरबाकोवा आणि अलेक्झांड्रा त्रुसोवा. पण 2018 च्या दोघींपैकी एकही 2022 ला बर्फावर नव्हती. पंधराव्या वर्षी सुवर्ण जिंकणाऱ्या झागितोवानं सतराव्या वर्षी स्पर्धा थांबवली. त्याआधी 2014 ला सोची इथं सांघिक सुवर्ण मिळवून देणारी त्यांचीच विद्यार्थिनी युलिया लिपनित्स्काया त्या वेळी पंधरा वर्षांची होती. 2017 मध्ये, विशीही गाठण्याआधी, ती निवृत्त झाली आणि अन्न टाळण्याच्या आजारावर उपचार घेतल्याचं तिनं सांगितलं. एका मुलीचं असं झालं तर दुर्दैव म्हणता येईल. ठरावीक वयानंतर एकेक मुलगी गळत जाते आणि तिच्या जागी धाकटी येते, तेव्हा ती कार्यपद्धती असते.

यावर पहिला आक्षेप आपल्याकडेही लगेच पटेल असा आहे. धाक नाही तर विद्या नाही, आणि ऑलिंपिक काही लाड करून जिंकता येत नाही. मला शिस्तीबद्दल तक्रारच नाही, आणि त्यासाठीच काओरी साकामोतोचं उदाहरण मोलाचं वाटतं. जपानमधल्या कोबेची ही स्केटर लहानपणापासून सोनोको नाकानो यांच्याकडे शिकली, आणि नाकानो कडक म्हणूनच ओळखल्या जातात. साकामोतोच्या कार्यक्रमांत क्वाड नव्हतं. तिची ताकद होती वेग, बर्फावरची खोल पकड आणि मोठ्या, भरघोस उड्या, म्हणजे प्रौढ शरीराला शोभणारं आणि पेलणारं स्केटिंग. बीजिंगमध्ये एकविसाव्या वर्षी तिनं कांस्य मिळवलं, आणि 2022, 2023, 2024 असं लागोपाठ तीनदा जगज्जेतेपद. रशियन मुली त्या तिन्ही स्पर्धांत नव्हत्या हे खरंच, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाला बाहेर ठेवलं होतं. पण बीजिंगचं पदक तिनं त्या मुलींच्या सोबतीनं उतरूनच मिळवलं होतं. धाक इथंही होता. फरक एवढाच, की जे शिकवलं ते मोठेपणीही उपयोगी पडणारं होतं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खेळाडूच्या हाती सूत्रं दिली आणि ती चुकली तर? मिशेल क्वाननं 2001 मध्ये, सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकच्या काही महिने आधी, फ्रँक कॅरल या दीर्घकाळच्या प्रशिक्षकापासून फारकत घेतली. ऑलिंपिकला ती प्रशिक्षकाविना उतरली, मुक्त कार्यक्रमात पडली आणि कांस्यावर थांबली. स्वातंत्र्याची किंमत पडते, ती नाकारू नये. मात्र पुढच्याच वर्षी बावीस वर्षांची क्वान पुन्हा जगज्जेती झाली. नाथन चेनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 2018 च्या ऑलिंपिकमध्ये लघु कार्यक्रमात तो सतरावा राहिला, अखेरीस पाचवा आला, आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात शिकायला गेला. त्याचे प्रशिक्षक राफाएल अरुत्युन्यान देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. रोजचा सराव बराचसा एकट्यानं, मार्गदर्शन दुरून. 2019 ला तो पुन्हा जगज्जेता झाला आणि 2022 ला ऑलिंपिक विजेता. अरुत्युन्यान मवाळ प्रशिक्षक मुळीच नाहीत. तरीही विद्यार्थी आपल्या नजरेआड उभा राहू शकेल, इतकं त्याला त्यांनी घडवलं होतं.

अधिकार एकाच हाती साचला की त्याची जबाबदारी मात्र त्या हातावर पडत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपतं. वालियेवावर क्रीडा लवादानं जानेवारी 2024 मध्ये चार वर्षांची बंदी घातली. नमुना घेतला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिच्याभोवतीच्या प्रौढांपैकी कुणाच्याही वाट्याला अशी शिक्षा आली नाही. फ्रान्समध्ये याचं अधिक भीषण रूप समोर आलं. जोडी स्केटिंगमधली पदकविजेती सारा अबितबोल हिनं जानेवारी 2020 मध्ये, किशोरवयात आपल्या प्रशिक्षकानं आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचं पुस्तकातून सांगितलं. महिन्याभरातच तिथल्या बर्फावरील खेळांच्या महासंघाच्या अध्यक्षाला पद सोडावं लागलं. पण तिला बोलायला मध्ये जवळजवळ तीन दशकं गेली होती.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं जून 2022 मध्ये प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्यानं पंधरावरून सतरावर नेली. हा निर्णय योग्यच आहे, कारण सतराव्या वर्षापर्यंत टिकेल अशी खेळाडू घडवणं आता प्रशिक्षकाच्याही फायद्याचं झालं. तरी नियम स्पर्धेच्या दारापर्यंतच पोहोचतो, रोजच्या रिंकपर्यंत नाही. तिथं काय शक्य आहे हे अमेरिकेच्या अलिसा लिऊनं दाखवलं. तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झालेली ही मुलगी सोळाव्या वर्षी खेळातून बाहेर पडली. 2024 मध्ये ती परतली ती आपल्या अटींवर: संगीत, पोशाख, सरावाचं प्रमाण यांत शेवटचा शब्द तिचा. फिलिप डिगुलिएल्मो आणि मास्सिमो स्काली या प्रशिक्षकांनी ते मान्य केलं. मार्च 2025 मध्ये बोस्टनला, एकोणिसाव्या वर्षी, ती जगज्जेती झाली. अमेरिकेच्या एकाही महिलेला 2006 नंतर हे जमलेलं नव्हतं.