नैरोबी ते नैवाशा : आफ्रिकेच्या प्रवासांतील पहिले चार दिवस

आफ्रिका म्हटली म्हणजे सिंह, हत्ती व घोर अरण्य एवढेंच आपल्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें येतें. महसुली नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्ही ज्या प्रवासीसंघांत सामील झालों त्यांत सात देशांचे अठरा लोक होते, व सर्वांनीं मिळून लॉरीनें आठ आठवड्यांत नैरोबीहून केपटाउनास जावयाचें होतें. पहिल्या चार दिवसांत आमचें लक्ष जनावरांपेक्षां जमिनीकडेच अधिक गेलें. शेतकरी वाचकांस तेंच कळवितों.

जाणाऱ्यानें पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधीं टोंचून घ्यावी व तिचा दाखला जपावा. परत येतांना तो आपल्याच देशांत तपासतात.

नैरोबी सुमारें साडेपांच हजार फुटांवर असल्यामुळें, विषुववृत्त जवळ असूनहि तेथें रात्रीं घोंगडी लागते. १८९९ सालीं रेल्वेचा तळ म्हणून हें शहर वसलें. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरास जाणाऱ्या त्या लोहमार्गासाठीं (१८९६ ते १९०१) हिंदुस्थानांतून तीस हजारांवर मजूर नेले होते. पैकीं सुमारें अडीच हजार तेथेंच मेले. बाजारांत स्वाहिली भाषा कानीं पडली. तींत दुकानास ‘दुका’, हिशेबास ‘हेसाबू’, लेखणीस ‘कलामू’, वहीस ‘दफ्तारी’ व सरकारास ‘सेरिकाली’ म्हणतात. सारा जन्म दप्तरांत गेलेल्या आम्हांस हा मुलूख निम्मा ओळखीचा वाटला, यांत नवल तें काय!

स्वयंपाक तिघातिघांनीं पाळीपाळीनें करावा असा संघाचा नियम. तेथील मुख्य अन्न ‘उगाली’, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा, व बरोबर ‘सुकुमा विकी’ नांवाची पालेभाजी. शाकाहारी मनुष्याची अडचण होत नाहीं. आमच्या पाळीस तिखट बेतानेंच घातलें होतें, तरी युरोपीय सोबती दोन तांबे पाणी जास्त प्याले.

तिसऱ्या दिवशीं लिमुरूच्या बाजूनें निघालों. माती तांबडी, चढावर चहाचे मळे, उतारावर मका, घेवडा, बटाटा व बांधाला हत्तीगवत. पाऊस वर्षांतून दोनदां : मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर धाकटा. मात्र शेतांचे पट्टे फारच अरुंद. लॉरीचा चालक त्याच कियांबू भागांतला. त्याच्या आजोबांचे विखुरलेले सहा तुकडे सरकारनें मोजणी करून एके ठिकाणीं दिले होते. ही १९५४ ची स्विनर्टन योजना. मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं झालेल्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याची ती धाकटी बहीणच म्हणावी. तिनें जमिनीचे पक्के दाखले मिळाले, कॉफी लावण्याची मोकळीक मिळाली, हें खरें. पण हें काम झालें आणीबाणीच्या काळांत (१९५२ ते १९६०). हजारों शेतकरी तेव्हां बंदिवासांत होते, व त्यांतील कित्येकांच्या जमिनी त्यांच्या गैरहजेरींत दुसऱ्याच्या नांवें चढल्या. हरकत घेण्यास खातेदारच हजर नाहीं, ती चौकशी कसली? चालकाच्या घरची एकत्र झालेली जमीन आतां चौघां भावांत वांटली गेली असून प्रत्येकाच्या वांट्यास अर्धा एकरहि येत नाहीं.

सायंकाळीं मोठी दरी उतरून नैवाशा सरोवराकाठीं तंबू ठोकले. सरोवरांतून बाहेर वाहणारी नदी नाहीं, तरी पाणी गोडें. चौथा दिवस तेथेंच गेला. काठानें छपराखालीं गुलाबाची शेती आहे. फुलें विमानानें युरोपांत जातात. मजुरांस काम मिळतें, परंतु कोळी व गुराखी यांचेंहि पोट त्याच पाण्यावर आहे. रात्रीं पाणघोडे चरावयास वर येतात, म्हणून राखणदारास हांक मारल्यावांचून तंबूबाहेर पडूं नये अशी ताकीद होती. शेजारच्या तंबूंतील जर्मन गृहस्थ त्यांच्या चरण्याच्या आवाजानें पहाटेपर्यंत जागे होते. पांचव्या दिवशीं नाकुरूकडे निघालों. ती हकीकत पुढील अंकीं.