बिझेनची फुलदाणी: आधी बूड, मग खोके

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतले आहे, ती कोराकुएन बाग जपानमधल्या ओकायामा शहरात आहे. तिथून आको मार्गावरची साधी गाडी पकडली, की थोड्याच वेळात इंबे नावाचे छोटे स्टेशन येते. स्टेशनाच्या इमारतीतच गावच्या कुंभारांची भांडी विक्रीला मांडलेली असतात. बाहेर पडले, की घरांच्या छपरांवरून डोकावणारी विटांची चौकोनी धुराडी दिसू लागतात. गावच्या आमात्सु देवळात तर दाराशी बसलेल्या राखणदार प्राण्यांपासून कौलांपर्यंत सगळीकडे तीच तांबूस-तपकिरी भाजलेली माती. हे बिझेन. एके काळी तलवारींसाठी नावाजलेला हा मुलूख आज कुंभारकामासाठी ओळखला जातो, आणि इथल्या हातघडणीच्या फुलदाण्या जमवणारे लोक जगभर पसरले आहेत.

या फुलदाणीवर झिलई नसते, चितारलेले फूल-पान नसते, सोन्याची रेघही नसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जुन्या वाड्याच्या परसात सापडलेली वस्तू वाटली तर नवल नाही. तरीही जाणकार ती हातात घेतो, उलटी करतो, उजेडाकडे धरून फिरवतो आणि बराच वेळ गप्प राहतो. तो काय पाहत असतो, हे समजून घ्यायचे तर मातीपासून सुरुवात करावी लागते.

बिझेनची उत्तम माती भातखाचरांच्या खाली, काही मीटर खोलवर सापडते. जपानीत तिला ‘हियोसे’ म्हणतात. पाण्याबरोबर वाहून आलेला हा बारीक, चिकट, काळसर गाळ. त्यात लोह भरपूर आणि सेंद्रिय अंशही पुष्कळ. खणून काढलेली माती लगेच चाकावर चढत नाही. ती ऊन-पावसात मुरवत ठेवतात, खडे-मुळ्या वेचतात, मळतात, पुन्हा ठेवून देतात. काही घरांत आधीच्या पिढीने साठवलेली माती पुढची पिढी वापरते. ही माती चाकावर गुणाची, पण आगीत हट्टी आहे. भाजताना ती फार आकसते आणि एकदम वाढलेली उष्णता तिला सोसत नाही. आकसणाऱ्या अंगावर झिलई नीट धरत नाही, म्हणून झिलई नाही. उष्णता हळूहळू चढवावी लागते, म्हणून भट्टी दिवसच्या दिवस चालते. बिझेनचे सगळे सौंदर्यशास्त्र मातीच्या या दोन अडचणींतून जन्मले आहे.

भट्टी वर्षातून एकदा, फार तर दोनदा पेटते. दहा दिवस ते दोन आठवडे, रात्रंदिवस, तांबड्या पाइनचे सरपण घालत आग सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या वर नेतात. पाइनच्या लाकडात राळ असते, त्यामुळे ज्योत लांब जाते आणि हलकी राख भट्टीभर उडते. ती राख जिथे बसते तिथे वितळून पिवळसर ठिपके उमटतात. तिळासारखे दिसतात, म्हणून त्यांना ‘गोमा’, म्हणजे तीळच, म्हणतात. राख जास्त साचली तर ती ओघळून खांद्यावरून पोटापर्यंत येते. सरपणाच्या जवळ, निखाऱ्यांत आणि राखेत अर्धवट पुरल्या गेलेल्या भांड्याला प्राणवायू कमी मिळतो. तिथे करडा, निळसर, कधी जांभळट रंग येतो. हा ‘सांगिरी’. एका भांड्यावर दुसरे पालथे घालून भाजले, तर झाकलेला गळा आणि उघडे पोट असे दोन वेगळे रंग निघतात.

सगळ्यांत देखणी खूण भाताच्या पेंढ्याची. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कुंभार त्यांना पेंढा गुंडाळत. पेंढ्यातले क्षार आणि मातीतले लोह यांची आगीत गाठ पडली, की फिक्या बदामी अंगावर शेंदरी-लाल रेघा उठतात. ही ‘हिदासुकी’. आज कुंभार पेंढा मुद्दाम गुंडाळतात आणि राख लागू नये म्हणून ते भांडे दुसऱ्या भांड्याच्या आत ठेवून भाजतात. तरी कोणती रेघ गडद होईल आणि कोणती विरून जाईल, हे पूर्णपणे त्यांच्या हातात नसते. भट्टीत कोणते भांडे कुठे ठेवायचे, कशाच्या आडोशाला, आगीकडे कोणती बाजू करून, एवढे मात्र ते ठरवू शकतात. बिझेनच्या कुंभाराचे निम्मे कसब चाकावर असले, तर निम्मे भट्टी भरण्यात आहे.

सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन ही जपानची सहा प्राचीन कुंभारकेंद्रे. ‘सहा प्राचीन भट्ट्या’ हे नाव त्यांना कोयामा फुजिओ या अभ्यासकाने दुसऱ्या महायुद्धानंतर दिले, आणि 2017 साली जपान सरकारने त्यांना राष्ट्रीय वारशाच्या यादीत एकत्र घेतले. मध्ययुगात बिझेनमध्ये फुलदाण्या बनत नव्हत्या. बनत होते ते धान्या-पाण्याचे रांजण, बी-बियाण्याची मडकी आणि वाटण्या-घोटण्याची खरबरीत भांडी. पुढे गावकऱ्यांनी मिळून चालवायच्या प्रचंड भट्ट्या उभ्या राहिल्या. इंबेच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर त्यांतल्या एकीचे अवशेष आहेत; ती सुमारे 54 मीटर लांब होती.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चहाविधीच्या गुरूंची नजर या शेतकरी भांड्यांवर गेली. तोवर चहाच्या खोलीत मान होता तो चीनहून आलेल्या निर्दोष, तुकतुकीत भांड्यांना. सेन नो रिक्यू आणि त्याच्या परंपरेतल्या लोकांनी साधेपणाला प्रतिष्ठा दिली आणि बिझेनचा रांजण, बाटली, पाण्याचे भांडे चहाच्या खोलीत आले. मग तिथल्या कोनाड्यासाठी मुद्दाम फुलदाण्या घडू लागल्या. सरळ दंडगोल, लांब गळ्याची, दोन्ही बाजूंना कान जोडलेली, भिंतीला टांगायची, एकच फूल धरणारी. काही आकार चाकावर काढून झाल्यावर कुंभार मुद्दाम दाबतो, सुरीने तासतो, किंचित वाकवतो. चहाच्या खोलीत फूल रानात उगवल्यासारखे दिसावे अशी अपेक्षा असते, त्यामुळे त्याला धरणारे भांडे भपक्याचे असून चालत नाही.

पुढे काळ फिरला. आरिता आणि इतर ठिकाणची पांढरीशुभ्र, चितारलेली चिनी मातीची भांडी स्वस्त झाली आणि बिझेनची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या मातीतून सांडपाण्याचे नळही बनत होते. त्याच सुमारास जपान परदेशी दिवाणखान्यांसाठी सोनेरी, रंगीत, बारीक नक्षीच्या फुलदाण्या जहाजे भरभरून पाठवत होता. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या जपानी वस्तू पाहताना ही निर्यातीची आवड लक्षात येते. ‘जपानी फुलदाणी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे अजूनही तीच येते. बिझेन त्या जहाजांवर जवळजवळ नव्हतीच.

तिला पुन्हा उभे केले कानेशिगे तोयो (1896–1967) यांनी. ते इंबेचेच, जुन्या कुंभार घराण्यातले. तरुणपणी त्यांचे नाव होते ते बारीक कोरीव मूर्तिकामासाठी. ते सोडून ते सोळाव्या शतकाच्या भांड्यांकडे वळले. जुनी माती कशी होती, भट्टी कशी भरत, आग कशी चढवत, हे त्यांनी एकेक करून शोधून काढले. 1952 साली शिल्पकार इसामु नोगुची आणि हरहुन्नरी कलावंत किताओजी रोसान्जिन त्यांच्याकडे येऊन काम करून गेले. 1956 साली कानेशिगे यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी 1950 साली झालेल्या कायद्यातून आलेली ही व्यवस्था माणसाच्या हातातल्या विद्येला वारसा मानते. त्याला वर्षाला 20 लाख येन देते आणि ती विद्या पुढे शिकवण्याची अपेक्षा ठेवते. बिझेनमधून आजवर पाच जणांना हा मान मिळाला. कानेशिगे यांच्यानंतर 1970 मध्ये फुजिवारा केई, जे साहित्याची उमेदवारी सोडून चाळिशीच्या सुमारास चाकाशी बसले. 1987 मध्ये चाकावरच्या हुकमतीसाठी ख्यातनाम यामामोतो तोशू. 1996 मध्ये केई यांचे पुत्र फुजिवारा यू. आणि 2004 मध्ये इसेझाकी जुन, ज्यांनी वडिलांबरोबर मध्ययुगीन पद्धतीची, जमिनीत अर्धी उतरलेली भट्टी पुन्हा बांधली.

ही नावे संग्राहकाला माहीत हवीत, पण नावांपाशी थांबणे ही या छंदातली पहिली घसरण आहे. याचे कारण खोके.

जपानमध्ये चांगली फुलदाणी खोक्याशिवाय विकली जात नाही. हलक्या, दमटपणा झेलणाऱ्या किरी लाकडाची ती पेटी असते. झाकणावर कुंभार स्वतः कुंचल्याने भांड्याचा प्रकार आणि आपले नाव लिहितो, लाल शिक्का उमटवतो. वरून विणलेली सपाट फीत विशिष्ट गाठीने बांधतात. आत कुंभाराची माहिती देणारा कागद असतो आणि बऱ्याचदा भांड्याभोवती पिवळे कापड असते, जे परंपरेने हळदीत रंगवतात, कारण हळद किडीला दूर ठेवते. अशा मूळ खोक्याला ‘तोमोबाको’ म्हणतात. ते असले की किंमत वाढते, हरवले की पडते. साहजिकच खोक्यांचाही बाजार झाला. रिकाम्या खऱ्या खोक्यात दुसरेच भांडे बसवलेले मिळते. जुन्या बिझेनच्या बाबतीत तर मूळ खोके नसतेच. नंतरच्या एखाद्या चहागुरूने किंवा जाणकाराने लिहून दिलेली पेटी असते, आणि ती त्याच्या मताइतकीच खरी.

म्हणून जुने संग्राहक खोके बाजूला ठेवून आधी भांडे उलटे करतात. बुडावर कुंभाराची खूण कोरलेली किंवा उमटवलेली असते. ती खोक्यावरच्या नावाशी आणि त्या कुंभाराच्या इतर कामाशी जुळायला हवी. चाकावरून भांडे दोऱ्याने कापल्याच्या वळ्या बुडाला दिसतात का? भट्टीत ते कशावर टेकले होते, आग कोणत्या अंगाने आली, हे समजते का? अस्सल भट्टीत राख एकाच बाजूने येऊन बसते. चारही बाजूंनी सारखीच राख दिसली तर शंका घ्यावी. खांद्यावर बोटांच्या ओळी आहेत की साच्याची शिवण आहे? बोटाने हलके वाजवले की नाद खणखणीत हवा. भरडा आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

सगळे तडे सारखे नसतात. भट्टीतच पडलेल्या तड्याच्या कडेला आगीचा रंग किंवा वितळलेली राख पोचलेली असते. असा तडा बिझेनमध्ये दोष मानतातच असे नाही. नंतर पडलेल्या तड्याची कड कोरी असते किंवा तिच्यात मळ भरलेला असतो. लाखेने सांधून वर सोने लावलेली दुरुस्ती उघड आणि प्रामाणिक असते. रंग लावून लपवलेली दुरुस्ती पुष्कळदा अतिनील प्रकाशात वेगळी चमकते. शेवटी प्रत्येक फुलदाणीला एक दर्शनी बाजू असते. ती सापडेपर्यंत भांडे फिरवावे. विक्रेत्याच्या फोटोत बहुतेक वेळा तीच असते, म्हणून मागच्या बाजूचा आणि बुडाचा फोटो मागितल्याशिवाय दुरून खरेदी करू नये.

घरी आणल्यावर ती कपाटात बंद करू नये. फूल घालण्याआधी फुलदाणी पाण्यात बुडवून ठेवली, की तिचे रंग खुलतात. कोरडी असताना फिकी दिसणारी करड्या-निळ्या रंगाची छटा ओली झाली की ओळखू येऊ नये इतकी खुलते. झिलई नसल्याने काही भांडी झिरपतात, म्हणून लाकडी फळीवर ठेवण्याआधी ती रात्रभर भरून कागदावर ठेवून पाहावीत. किंचित झिरपणाऱ्या भांड्याला तांदळाच्या धुवणात मंद उकळायची जुनी रीत आहे. पिठाचे कण बारीक छिद्रे भरून काढतात. फार गळत असेल तर आत बांबूची किंवा तांब्याची नळी बसवतात. वापरून झाल्यावर मात्र भांडे पूर्ण वाळले पाहिजे, नाहीतर बंद खोक्यात बुरशी धरते. आपल्या पावसाळ्यात तर चार दिवस उघड्यावर ठेवूनच पेटीत घालावे. हाताळून आणि पाणी पिऊन काही वर्षांत अंगाला येणारी मऊ झळाळी विकत मिळत नाही.

आज बिझेनपुढची अडचण मागणीपुरती नाही. पश्चिम जपानमधले तांबडे पाइन भुंग्यांमार्फत पसरणाऱ्या एका सूत्रकृमीने मोठ्या प्रमाणावर वाळले आहेत. चांगली माती खाचरांखाली असते, आणि शेत खणू देणारा शेतकरी सहज मिळत नाही. एका भट्टीचे सरपण, महिनोन्‌महिने घडवलेली भांडी आणि दोन आठवड्यांचे जागरण पणाला लावून त्यातली किती भांडी मनासारखी निघतील, याची हमी नाही. उत्पन्न मात्र त्यातूनच काढायचे.

म्हणूनच नव्या संग्राहकाला एकच सांगणे. गेलेल्या कलावंताचे गाजलेले नाव आणि सुबक खोके यांच्यामागे धावण्याआधी आज भट्टी पेटवणाऱ्या कुंभाराची एक छोटी, एका फुलाची फुलदाणी घ्या. ओसाकाहून हिरोशिमाला जाणारी वेगवान गाडी ओकायामाला थांबतेच. तिथे उतरून इंबेला जा, चार घरांची भांडी उलटी करून पाहा, घाई करू नका. नाव ओळखणारे ग्राहक बिझेनला पुष्कळ मिळाले. पुढची भट्टी पेटायची असेल, तर तिला बूड वाचता येणारे ग्राहक हवे आहेत.