आपल्या लोधीखेड्याचा जुना नकाशा असा वाचा

एका मित्राकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा पाहायला मिळाला. घड्यांवर विरलेला, पण रेषा अजून ठसठशीत.

🔹 शीट क्रमांक 55K/14. 55 म्हणजे 4 अंशांचा मोठा चौकोन, K त्यातला 1 अंशाचा भाग आणि 14 त्यातला 15 मिनिटांचा तुकडा. लोधीखेडा आणि सौंसर याच तुकड्यात येतात.

🔹 प्रमाण 1 इंचाला 1 मैल. नंतरच्या 1:50,000 च्या नकाशांत 1 सेंमी म्हणजे 500 मीटर.

🔹 तपकिरी समोच्च रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाट शिवार. निळं म्हणजे पाणी, पिवळं म्हणजे शेती, हिरवं म्हणजे जंगल.

🔹 नागपूर–छिंदवाडा छोटी लाइनही त्यावर आहे. ती 2015 मध्ये बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज आहे.

🔹 1956 पूर्वीच्या नकाशात सावनेर आणि लोधीखेड्यामध्ये फक्त जिल्ह्याची हद्द दिसते. आज तीच दोन राज्यांची सीमा आहे!

असे नकाशे जपून ठेवा. जुने नाले, पांदण रस्ते, विहिरी शोधायला फार कामी येतात.

तुमच्या गावाचा शीट क्रमांक काढायचाय? गावाचं नाव लिहा, सांगतो.