एकविसाव्या अक्षांशावरचे गलबत

जळगाव शहरातून एकविसाव्या अक्षांशाची रेघ धरून पश्चिमेकडे निघावे. ही रेघ धुळ्याच्या थोडी उत्तरेवरून जाते, नवसारीजवळ खंबातच्या आखातात उतरते, सौराष्ट्राचे दक्षिण टोक कापते आणि चोरवाडच्या आसपास खुल्या अरबी समुद्रात शिरते. पुढे अकराशेहून अधिक किलोमीटर नुसते पाणी. मग एकदम ओमानचा किनारा, मसीरा बेटाच्या थोडा उत्तरेला. या सबंध रेघेवर कुठेही उभे राहा, ध्रुवतारा क्षितिजापासून एकवीस अंशांच्या आसपासच दिसतो. धाब्यावर झोपणाऱ्या खानदेशी माणसाला तो जेवढा उंच, तेवढाच भर समुद्रातल्या तांडेलाला.

ज्याला गलबताची गोष्ट लिहायची आहे आणि जवळ समुद्र नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. उपग्रह, रडार, फोन यांच्याविना होणारा प्रवास कागदावर खरा वाटायचा, तर लाटांच्या वर्णनाआधी एक हिशेब पक्का लागतो: जहाज कुठे आहे हे जहाजावरच्या माणसाला नेमके किती कळते? या हिशेबाचा मोठा भाग जळगाव-धुळ्याच्या गच्चीवर करून पाहता येतो.

असे प्रवास जुन्या काळातच झाले असे नाही. 1964 च्या डिसेंबरात मुंबईत ‘सुहेली’ नावाची छोटी सागवानी शिडाची नौका पाण्यात उतरली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 साली ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धेत इंग्लंडहून एकटे निघाले आणि 312 दिवस कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. पन्नास वर्षांनी, 2018 मध्ये, त्या स्पर्धेची आठवण म्हणून ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पुन्हा सुरू झाली. नियम असा, की वाट शोधायची ती सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र), कागदी नकाशे आणि होकायंत्रावर. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांनी त्यासाठी ‘सुहेली’च्याच धर्तीवर ‘थुरिया’ ही नौका गोव्यात बांधून घेतली. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. पुढच्या खेपेला ते पुन्हा उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले. या शर्यतीत एक गंमत आहे. नौकेवर सुरक्षेसाठी माग काढणारे यंत्र असते, त्यामुळे नौका कुठे आहे हे किनाऱ्यावर बसलेल्यांना कळते. फक्त सुकाणू धरलेल्याला कळत नाही. कथाकाराला आयता प्रसंग.

अक्षांश पाटणचा

अक्षांश काढण्याची विद्या खानदेशात जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला 1207 मध्ये मिळालेल्या दानाची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यातल्या धीयंत्राला एक काठी पुरते. डोके मात्र पाहणाऱ्याने स्वतःचे आणायचे.

पलभेची रीत तर आजही कुणालाही करता येईल. बारा अंगुळांचा शंकू सपाट जागी उभा करायचा आणि विषुवदिनी भर माध्यान्ही त्याची सावली मोजायची. जळगावात ती साधारण 4.6 अंगुळे भरते. साठ सेंटिमीटरची काठी घेतली तर सावली 23 सेंटिमीटर, म्हणजे अक्षांश 21. मे महिन्याच्या 25 तारखेच्या सुमारास याच गच्चीवर सावली पायाखाली गडप होते. त्या दिवशी याच अक्षांशावरच्या जहाजावर माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उत्तरेच्या क्षितिजापासून मोजावे की दक्षिणेच्या, असा पेच मोजणाऱ्याला पडतो.

समुद्रावर मात्र काठी उभी राहत नाही. अरबी समुद्रातले मालीम, म्हणजे वाट काढणारे नाविक, त्यासाठी ‘कमाल’ वापरत: लाकडाची छोटी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ताऱ्याला लागेपर्यंत फळी मागे-पुढे करायची. उंची मोजायची ती ‘इस्बा’मध्ये, म्हणजे बोटांत; एक इस्बा सुमारे 1 अंश 36 कला. कथा 1731 च्या आधीची असेल, तर नाखव्याच्या हातात आरशांचे यंत्र देता येणार नाही. हॅडलीचे अष्टमांश यंत्र त्या वर्षी पुढे आले आणि सेक्स्टंट त्याच्याही नंतरचा.

ध्रुवाबाबतही एक खोच आहे. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून एका अंशाहून कमी सरकलेला दिसतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभरात बिंदूभोवती मोठा फेरा घेत होता. सुरत आणि मुंबई यांच्या अक्षांशांत फरक जेमतेम सव्वादोन अंशांचा. म्हणजे जुन्या काळातल्या ज्या तांडेलाने ध्रुव फेऱ्यात वर आहे की खाली हे पाहिले नाही, तो सुरत समजून मुंबईच्याही खाली जाऊ शकतो.

आणखी एक चूक कादंबऱ्यांत हमखास सापडते. नायक मध्यरात्री, चांदण्यांनी भरलेल्या आभाळाखाली सेक्स्टंट लावतो. पण तेव्हा क्षितिजाची रेघ क्वचितच स्पष्ट असते. तारे मोजायचे ते संधिप्रकाशात, तारे आणि क्षितिज दोन्ही दिसतात त्या थोड्या मिनिटांत. तेवढ्यात ढग आले तर तो दिवस गेला.

रेखांश, म्हणजे घड्याळ

उत्तर-दक्षिण आकाश सांगते. पूर्व-पश्चिम मात्र घड्याळाशिवाय सांगत नाही, आणि खरा थरार इथेच आहे. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची. जळगाव त्याच्या जवळपास सात अंश पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य सरासरीने 12 वाजून 28 मिनिटांनी माथ्यावर येतो. धुळ्यात त्यानंतर तीनेक मिनिटांनी. हाच फरक उलटा वाचला की रेखांश मिळतो: चार मिनिटांना एक अंश. जहाजावरचे घड्याळ तीन मिनिटे चुकले, तर नकाशावरचे जहाज जळगावहून धुळ्याला जाऊन बसते. हलत्या जहाजावर अशी चूक न करणारे जॉन हॅरिसन यांचे घड्याळ 1761 मध्ये जमैकाच्या सफरीवर पारखले गेले. त्याआधीच्या कथेत रेखांश म्हणजे अंदाजच.

हा अंदाज असा बांधला जाई. वीस मीटर लांबीच्या गलबताच्या नाळेवरून लाकडाचा तुकडा टाकला आणि तो आठ सेकंदांत मागच्या टोकाशी आला, तर वेग सुमारे पाच नॉट. दिवसाला 120 सागरी मैल. चोरवाड ते ओमान साधारण 640 सागरी मैल. म्हणजे वारा नीट असेल तर सव्वापाच-साडेपाच दिवस. आता पाण्याला अर्ध्या नॉटचा प्रवाह आहे आणि तो कुणाला जाणवलेला नाही असे धरा. पाच दिवसांत साठ मैलांची, म्हणजे 110 किलोमीटरांची तफावत पडते. तांडेलाला किनारा आज संध्याकाळी अपेक्षित आहे आणि खडक आज पहाटे समोर येणार आहेत. डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच असेल तर क्षितिज पाच किलोमीटरांवर असते; डोलकाठीवर सोळा मीटर चढलेल्याला चौदा. लेखकाने हे आकडे आधी मांडले, तर कुणाला काय केव्हा दिसले याची ओढाताण करावी लागत नाही.

जमीन जवळ येताना

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला पोहोचण्याचे वर्णन कथाकाराने मुद्दाम वाचावे असे आहे. किनारा दिसण्याआधी पाण्यात साप दिसू लागतात, तीच जमिनीची खूण. नदीच्या मुखाशी उथळ जागा आणि भरतीचा प्रचंड लोंढा. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन पार सौराष्ट्रापर्यंत पुढे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणत. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरांच्या घरात जातो. त्यामुळे प्रसंगाची तिथी ठरवल्याशिवाय प्रसंग लिहिता येत नाही: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. अंधारात आधार बुडीद दोरीचा. तिच्या शिशाच्या टोकाला चरबी लावलेली असे. खोली किती ते दोरी सांगे आणि तळाला चिखल की वाळू ते चरबीला चिकटून वर येई.

तापीच्या मुखातही गाळ, म्हणून सुरतेची मोठी जहाजे सुवालीला नांगर टाकत. इंग्रज वकील सर टॉमस रो 1615 च्या सप्टेंबरात तिथेच उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोहोचला. सुरत-बऱ्हाणपूर रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा खानदेशातून जाई. खानदेशी कथेला समुद्राशी जोडणारा दुवा हाच: थाळनेरच्या एखाद्या काल्पनिक व्यापाऱ्याचे कापड बैलांवरून सुरतेला आणि तिथून मोखा बंदराला.

वेळापत्रक वारा ठरवतो. सुरतेची जहाजे मोख्याकडे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य वारा जोरात असताना तांबड्या समुद्राच्या बाजूला थांबत आणि तो ओसरू लागला की भाद्रपदाच्या आसपास परतत. ऐन पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे मिटलेली. थाळनेरहून निघालेला तांडा नवापूरच्या घाटात पंधरा दिवस अडकला आणि गलबत वाऱ्याविना मागे राहिले, तर ते कापड पुढच्या वर्षापर्यंत सुरतेच्या वखारीत पडून राहणार, आणि त्यावर काढलेल्या कर्जाचे व्याज थाळनेरात रोज चढत जाणार.